कलावंताच्या मनाचं वेळापत्रक

नमस्कार, श्रोतेहो.

छायाचित्रकार केकी मूस यांचं नाव निघालं की चाळीसगावात आधी पंजाब मेलची गोष्ट निघते. स्टेशनाजवळचा तो बंगला, त्या गाडीनं येणाऱ्या कुणाची तरी वाट, आणि घराबाहेर जवळजवळ न पडता काढलेली अनेक दशकं. गोष्टीतलं खरं किती आणि भर किती, तो वाद सोडून देऊ. पण हेच मूस टेबलावर लहानसहान वस्तू मांडून त्यांतून अख्खं भूदृश्य उभं करायचे. उजेडाचा कोन असा साधायचे, की फोटो पाहणाऱ्याला ते दृश्य टेबलावरचं आहे हे सांगूनही पटू नये. हे टेबलटॉप छायाचित्रण म्हणजे तासन्‌तास चालणारं, चिकाटीचं काम. त्याबद्दल गावात बोलणारे थोडे, विरहाबद्दल बोलणारे पुष्कळ. कलावंताच्या भावनांचं कौतुक करताना आपण त्याचं काम विसरतो, आणि मग त्या भावना कुठून येतात हेही आपल्याला दिसत नाही.

आज त्याबद्दलच बोलायचं आहे. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, लिहिणाऱ्या, रंगवणाऱ्या माणसाच्या मनात जी उलथापालथ होते, तिचा मोठा भाग स्वभावातून येत नाही, कामातून येतो. आणि तो ठरलेल्या वेळी येतो. कार्यक्रमाच्या आधी, कार्यक्रम संपल्यावर, मोठं काम हातावेगळं झाल्यावर, आणि काम नसलेल्या महिन्यांत. वेळ ठाऊक असली तर तयारी करता येते. नसली, तर माणूस म्हणतो, ‘माझ्यातच काहीतरी बिघडलंय.’

रंगमंचावर जाण्याआधीची धडधड सगळ्यांना माहीत आहे, तिच्यावर थोडक्यात बोलतो. तोंड कोरडं पडतं, तळहात ओले होतात, दर दहा मिनिटांनी लघवीला जावंसं वाटतं. हे अ‍ॅड्रिनलीन या संप्रेरकाचं काम आहे आणि ते हवंच असतं. ते नसेल तर गाणं मचूळ होतं. अशा वेळी ‘शांत हो, शांत हो’ असं मनाला बजावून फारसा उपयोग होत नाही, कारण शरीर शांत व्हायच्या तयारीतच नसतं. त्यापेक्षा ‘आता रंग चढणार’ असं म्हणावं. ते शरीराच्या त्या वेळच्या अवस्थेशी जुळतं. श्वास चार अंक मोजून आत घ्यावा आणि सहा ते आठ अंक मोजून सोडावा, असं पाच मिनिटं. बाहेर जाणारा श्वास लांबला की नाडी उतरते. पाठांतर करताना पहिल्या दोन ओळी इतरांपेक्षा दुप्पट घोटाव्यात, कारण गडबड होते ती सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात. आणि कुणी ‘ही गोळी घे, हात थरथरायचे थांबतील’ असं सांगितलं तर ऐकू नये. या कामासाठी बहुधा रक्तदाबाची एक गोळी दिली जाते. दमा असणाऱ्याला ती घातक ठरू शकते. डॉक्टरांनी लिहून दिली तरच घ्यावी.

आता खरा अवघड भाग. कार्यक्रमानंतरची रात्र.

सारंगखेड्याच्या जत्रेत, एखाद्या गावच्या यात्रेत, वहीगायनाच्या, म्हणजे खान्देशी लोकगायनाच्या, फडात किंवा तमाशाच्या तंबूत पहाटे दोन-तीनला पडदा पडतो. दोन हजार माणसं एका क्षणी आपल्याकडे बघत होती, पुढच्या अर्ध्या तासात मैदान मोकळं. शरीरातल्या अ‍ॅड्रिनलीननं आणलेली उत्तेजना मात्र पडद्याबरोबर उतरत नाही, ती ओसरायला तास-दोन तास लागतात. त्या तासांत माणूस खूप बोलतो, फार हसतो, क्षुल्लक गोष्टीवरून ढोलकीवाल्याशी भांडतो. मग एकदम खाली येतो. डोळ्यांत पाणी येतं, आजचा कार्यक्रम पडला असं वाटायला लागतं. कार्यक्रम चांगला रंगलेला असला तरी हे होतं, किंबहुना रंगलेला असला तर जास्तच, कारण चढ जितका उंच तितका उतार लांब. म्हणून साधा नियम असा: त्या रात्री स्वतःच्या कामाचं मोजमाप करायचं नाही, फड सोडायचा निर्णय घ्यायचा नाही, कुणाला मोठा मेसेज पाठवायचा नाही. दुसऱ्या दिवशी झोप झाल्यावर, दुपारनंतर, काय ते ठरवावं.

उतरण्याची पद्धत मात्र हातात असते. आधी रंग काढावा. घाईत ओल्या टॉवेलनं खसाखसा पुसू नये. खोबरेल तेल बोटांवर घेऊन कपाळापासून हनुवटीकडे हळूहळू चोळावं, दोन-तीन मिनिटं रंग सुटू द्यावा, कापसानं टिपावं, मग कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं धुवावं. याला दहा-पंधरा मिनिटं लागतात, आणि तेवढ्या वेळात शरीराला कळतं की सोंग संपलं. घुंगरू सोडून जागच्या जागी ठेवावेत, पोटऱ्या दाबून घ्याव्यात. भूमिका रडकी असेल, कुणाचं मरण वठवलं असेल, तर हे जास्त गरजेचं. ज्याने नुकताच मुलाच्या प्रेतावर विलाप केला, त्याने तोंडावर तोच रंग ठेवून झोपू नये. पोशाख उतरल्यावर सोबत्यांनी एकमेकांना खऱ्या नावानं हाक मारावी. हसू येईल, पण जुने फड हे न सांगता करत आले आहेत.

पोटाचं बघू. पहाटे तीनला गाडी ढाब्यावर थांबते आणि तर्रीवाली शेवभाजी मागवली जाते. खान्देशी माणसाला हा सल्ला आवडणार नाही, पण गायकानं त्या वेळी शेवभाजी खाऊ नये. तिखट-तेलकट खाऊन लगेच आडवं झालं की पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं, सकाळी आवाज बसलेला असतो, आणि आवाज बसला की मन बसतं. मऊ खिचडी, दही-भात किंवा दोन केळी खावीत. शेवभाजी दुपारी हाणावी, कुणी अडवत नाही. चहाचंही तसंच. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे तीनचा कप सकाळी आठलाही अर्धा जागाच असतो. दारूनं डोळा लवकर लागतो हे खरं, पण झोपेचा उत्तरार्ध ती मोडून टाकते. दोन-चार तासांनी माणूस जागा होतो तेव्हा आधीपेक्षा जास्त खचलेला असतो. आपल्याकडे कितीतरी चांगले गळे आणि हात यात गेले. त्याला कलंदरपणा म्हणून मिरवायचं काही कारण नाही.

मग दिवसाची झोप. भुसावळ-जळगावला एप्रिल-मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याच्या खोलीत सकाळी दहानंतर झोप लागणं शक्यच नाही. म्हणून परतल्यावर सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत पाठ टेकावी. खिडकीला ओलं गोणपाट किंवा वाळ्याचा पडदा लावावा, कूलरमध्ये आधीच पाणी भरून ठेवावं, डोळ्यांवर काळं फडकं बांधावं. सलग सहा तास मिळाले नाहीत तर सकाळी चार आणि दुपारी दोन असे तुकडे करावेत. ओळीनं तीन-चार रात्री झोप मोडली की मेंदूचा भावना उसळवणारा भाग जास्त भडकतो आणि त्याला आवरणारा भाग सुस्तावतो. फडातली निम्मी भांडणं हंगामाच्या मधोमध का होतात, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

लिहिणाऱ्यांची आणि चित्रकारांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यासमोर टाळ्याही नसतात आणि मैदानही नसतं. त्यांचा उतार येतो तो मोठं काम पूर्ण झाल्यावर. कादंबरीचं शेवटचं पान लिहिलं, प्रदर्शनाची चित्रं भिंतीवर लागली, की आठवडा-दोन आठवडे रितेपण येतं. जुनं काम संपायच्या आधी पुढच्या कामाची लहानशी सुरुवात करून ठेवणं, हा त्यावरचा उपाय. चार रेखाटनं, दोन पानं, इतकंच. आणि त्या दिवसांत हाताला अंगमेहनतीचं काही द्यावं. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण म्हणतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी लिहायला-वाचायला शिकल्या नव्हत्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, आणि त्या शेतात, घरकामात गाणी रचत राहिल्या. ती उतरवून ठेवली म्हणून पुढे १९५२ साली, त्यांच्या निधनानंतरच्या वर्षी, ती पुस्तकरूपात आली. त्यांचं दुःख कमी होतं असं कोण म्हणेल? पण हात चालू असले की श्वासाला लय मिळते, आणि विचार एकाच जागी घुटमळत नाही.

ताज्या दुःखावर लिहावं का, हा प्रश्न नवे कवी हमखास विचारतात. लिहावं, पण दोन वह्या कराव्यात. पहिली फक्त स्वतःसाठी. अमेरिकेत टेक्सासमध्ये जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला लावलं होतं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच वाईट वाटलं. पुढच्या काही महिन्यांत मात्र त्यांच्यातल्या ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते दवाखान्यात कमी वेळा गेले. तेव्हा पंधरा मिनिटांचा गजर लावावा, शुद्धलेखन बघू नये, यमक जुळवू नये, कुणाला दाखवू नये. फारच असह्य झालं तर थांबावं. या वहीतलं लगेच कवितेत आणू नये. कवितेची वही दुसरी. एखादी ओळ संमेलनात म्हणण्याजोगी झाली का, हे पाहायला ती घरी तीनदा मोठ्यानं म्हणावी. तिन्ही वेळा एकाच शब्दावर गळा दाटत असेल, तर ती अजून जखम आहे. महिना-दोन महिने बाजूला ठेवावी. ऐकणारा रडला तर चालतं, म्हणणाऱ्याला ओळ पुरी करता आली पाहिजे.

कधी कधी तर कामच नाहीसं होतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करायला रॉबर्ट गिल हा इंग्रज चित्रकार १८४४ साली आला आणि जवळपास वीस वर्षं त्या अंधारात राबला. लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या त्याच्या बहुतेक प्रती १८६६ च्या आगीत गेल्या. तरी त्यानं पुन्हा काम धरलं. १८७९ साली तो गेला, त्याची कबर भुसावळला आहे. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती, आपल्याकडे असू शकते. वहीचं प्रत्येक पान, प्रत्येक चित्र मोबाइलवर दिवसाच्या उजेडात, समोरून, सावली न पडता टिपावं आणि दोन ठिकाणी ठेवावं. एक फोनमध्ये, दुसरं घराबाहेर कुठेतरी. पुरात किंवा वाळवीनं वही गेल्यावर कवी जो कोसळतो, ते दुःख पंधरा मिनिटांच्या कामानं टळतं.

आता पैशाबद्दल, कारण याबद्दल कलावंत कमी बोलतात. यात्रांचा हंगाम कार्तिकापासून वैशाखापर्यंत, म्हणजे सात महिने. जळगावच्या रामरथापासून धरला तर अमळनेरच्या सखाराम महाराजांच्या उत्सवापर्यंत. उरलेले पाच महिने जवळजवळ कोरडे, गणपती-नवरात्रात जे मिळेल ते. मग आषाढात जी निराशा येते, ‘आपली कलाच संपली’ असं जे वाटतं, ते बऱ्याचदा किराण्याच्या उधारीचं दुखणं असतं. हिशेब सोपा आहे. वाट्याला आलेल्या दर १,२०० रुपयांतले ५०० पावसाळ्यासाठी बाजूला काढायचे, आणि ते घरात नाही, पोस्टात किंवा बँकेत ठेवायचे. पुढच्या हंगामाची उचल घेऊन या हंगामाचं कर्ज फेडायला लागलं की दोर कायमचा दुसऱ्याच्या हाती जातो. ‘यानावर पोट भरस का रे भो?’ हा नातेवाइकांचा प्रश्न तेव्हा जास्त झोंबतो, कारण उत्तर देता येत नाही.

एक भेद मात्र नीट ओळखावा लागतो. धरणगावचे बालकवी आनंदाच्या कवितांसाठी ओळखले जातात, पण त्यांनीच काळोख्या उदासीच्या कविताही लिहिल्या. तेवढ्यावरून कुणाला आजारी ठरवू नये. आजार वेगळ्या खुणांनी कळतो. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच भाग, दोन आठवडे मन उदास आहे, आवडीच्या कामातही रस नाही, भूक-झोप बिघडली आहे, तर डॉक्टरांकडे जावं. उलट चार दिवस किंवा जास्त, दोन-तीन तास झोपूनही थकवा नाही, बोलणं थांबत नाही, डोक्यात एकामागून एक योजना, उसनवारी करून खर्च, तर त्याला प्रतिभेचा बहर म्हणू नये. तिथेही डॉक्टर हवा. औषधानं कला मरते या भीतीनं गोळ्या परस्पर बंद करणारे पुष्कळ असतात. हात जड झाला, सूर सुचेना, तर ते डॉक्टरांना तसंच सांगावं. मात्रा बदलता येते, औषधही बदलता येतं. अचानक बंद केल्यानं मात्र आजार उलटतो. जगणं नकोसं वाटत असेल तर कार्यक्रम, सुपारी, सगळं बाजूला ठेवून १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावावा. तो २४ तास मोफत चालतो, मराठीत बोलता येतं. अशा माणसाला एकटं सोडू नये.

आणि हे घरच्यांसाठी. तो किंवा ती पहाटे दारात आली की पहिला प्रश्न ‘किती मिळाले?’ असा नको. ‘कसा झाला?’ हाही नको, त्या वेळी खरं उत्तर मिळत नाही. पाणी द्यावं, अंथरूण टाकलेलं असावं, फोन काढून दुसऱ्या खोलीत ठेवावा. लहान मुलांना शेजारी पाठवता आलं तर उत्तम. पैशाचा हिशेब संध्याकाळी जेवणानंतर घ्यावा, आणि तेव्हा मात्र दोघांनी बसून, वहीत लिहून घ्यावा.

नमस्कार.