मोडलं की मुरगळलं?

श्रोतेहो, नमस्कार.

खेळताना कुणी पाय धरून खाली बसलं की भोवती जमलेल्यांपैकी एक जण हमखास म्हणतो, "बोटं हलवून बघ. हलतात ना? मग हाड शाबूत आहे." हे इतक्या ठामपणे सांगितलं जातं, की कळवळणारा माणूसही लगेच बोटं हलवून दाखवतो. पण घोट्याचं हाड तडकलेलं असतानाही बोटं हलतात. ती हलवणारे मोठे स्नायू वर, गुडघ्याखाली असतात. घोट्याला काय झालंय याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं.

किती दुखतंय, यावरूनही अंदाज चुकतो. लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, अर्धवट फाटलं असेल तर उरलेले धागे ताणले जातात आणि जीव नकोसा होतो. पूर्ण तुटलेल्या लिगामेंटमध्ये ताणायला काही उरलेलंच नसतं, त्यामुळे ते कधी कधी कमी दुखतं. म्हणून जखमी खेळाडूला मी तीन गोष्टी आधी विचारतो: पडलास कसा, सूज कधी आली, आणि एका बोटाने दाखव, नेमकं कुठे दुखतंय?

घोट्यापासून सुरुवात करू, कारण मुरगळतो तो बहुतेक वेळा तोच. पाऊल आतल्या बाजूला वळतं आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं जातं. एक्स-रे काढायचा की नाही, हे ठरवण्यासाठी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली काही साधे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर आलेली दिसतात, त्यांच्या टोकावर आणि टोकापासून वर 6 सेंटीमीटरपर्यंत मागच्या कडेने दाबून बघायचं. मग पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाच यांच्या साधारण मधोमध जो उंचवटा लागतो, तो दाबायचा. पावलाच्या आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाडही दाबायचं. यांपैकी कुठेही हाडावर दुखलं, किंवा पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही 4 पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंसुद्धा चालतात. घोट्याच्या पुढे, मऊ भागात दुखत असेल आणि हाडांवर काहीच नसेल, तर बहुधा लिगामेंटच आहे.

गुडघ्याच्या बाबतीत घड्याळ बघा. उडी मारून उतरताना किंवा पळता पळता झटकन वळताना, कुणाचा धक्काही न लागता, आतून 'टक्' असा आवाज येतो आणि दोनेक तासांत गुडघा टम्म फुगतो. म्हणजे सांध्यात रक्त साचलंय, आणि पहिला संशय गुडघ्याच्या आतल्या एसीएल या लिगामेंटवर जातो. सूज सावकाश, दुसऱ्या दिवशी आली आणि गुडघा मध्येच अडकू लागला, पूर्ण सरळच होईना, तर सांध्यातल्या हाडांमधली कूर्चेची गादी फाटलेली असू शकते. एसीएलची गंमत अशी की काही आठवड्यांत सूज उतरते, माणूस सरळ चालतो, पळतोही आणि 'बरा झालो' म्हणून खेळायला उतरतो. मग पहिल्याच वळणावर गुडघा दगा देतो.

पळताना मांडीच्या मागे चमक भरली तर हॅमस्ट्रिंग, म्हणजे तिथला स्नायू दुखावलाय. तिथला काळानिळा डाग बरेचदा दोन-तीन दिवसांनी आणि दुखऱ्या जागेच्या खाली, गुडघ्याकडे उमटतो. रक्त खाली उतरतं, एवढंच त्याचं कारण. नवी दुखापत समजून घाबरू नका.

टाचेच्या वरची, पोटरीला टाचेशी जोडणारी जाड कंडरा तुटते तेव्हा मात्र खेळाडू मागे वळून बघतो, कारण त्याला वाटतं कुणीतरी लाथ मारली. मागे कुणीच नसतं. तो थोडं चालूही शकतो, बोटं तर हलतातच, आणि त्यामुळे हे निदान हुकतं. त्याला पालथं झोपवा, पावलं पलंगाबाहेर लोंबू द्या आणि पोटरी हाताने दाबा. शाबूत पायाचं पाऊल खाली झुकतं, तुटलेल्या बाजूचं हलत नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

तळहातावर पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावरच्या खळग्यात दाबून दुखलं, तर तिथलं छोटं हाड मोडलेलं असू शकतं. पहिल्या एक-दोन दिवसांतल्या एक्स-रेत ते कधी कधी दिसतही नाही. म्हणून डॉक्टर मनगट बांधून ठेवतात आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा फोटो काढतात. 'रिपोर्ट नॉर्मल आहे' म्हणत पट्टी सोडून टाकू नका.

काही दुखणी एका क्षणात होत नाहीत. धावणाऱ्यांची नडगी घ्या. आतल्या कडेने वीतभर दुखत असेल आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर सराव कमी करून भागतं. दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या जागेत असेल, धावताना वाढत जात असेल आणि रात्रीही ठसठसत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. तिथे धावणं बंदच. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये आणखी एक भानगड असते. हाडाच्या टोकाचा वाढणारा भाग लिगामेंटपेक्षा नाजूक असतो, त्यामुळे 'फक्त मुरगळलं' हा शब्द त्यांच्या बाबतीत जपून वापरावा.

आता डोक्याचा मार. बेशुद्ध पडला नाही म्हणजे काही झालं नाही, हा समज फार जुना आणि फार धोक्याचा. ऑगस्ट 2019 मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेला लागला. तो बाहेर गेला, त्याच दिवशी परत येऊन खेळलाही, आणि कन्कशनची, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्याची, लक्षणं दिसली दुसऱ्या दिवशी. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन कसोटीतला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, स्कोअर न आठवणं, उजेड सहन न होणं, तोल जाणं, नजर हरवल्यासारखी होणं, यातलं एक जरी दिसलं तरी त्या दिवशी खेळ थांबवायचा, आणि पुढचे काही तास त्याला एकटं सोडायचं नाही. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, वाढती गुंगी, हातापायात अशक्तपणा दिसला की थेट हॉस्पिटल. आणि मान दुखतेय म्हणाला, तर त्याला उठवून बसवू नका, हेल्मेट ओढू नका. डोकं आहे तसं दोन्ही हातांनी धरून ठेवा आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

नमस्कार.