कॉम्प्युटरात तुमचंच शरीर? पेशंटचा डिजिटल ट्विन समजून घेऊया

नमस्कार मंडळी, बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, जिथनं बघताय तिथनं सगळ्यांना रामराम. आजचा विषय आहे पेशंटचा डिजिटल ट्विन.

म्हणजे कसं बघा, तुमच्या हृदयाचा सीटी स्कॅन काढला की त्यावरनं कॉम्प्युटरात तुमच्याच रक्तवाहिन्या बांधायच्या, वळणं, ब्लॉक सगळं जसंच्या तसं, आणि त्यातनं रक्त कसं वाहील ते गणितानं काढायचं. एरवी हे कळायला अँजिओग्राफीवेळी बारीक तार आत घालून ब्लॉकच्या अलीकडे-पलीकडे प्रेशर मोजतात. हार्टफ्लो नावाच्या कंपनीच्या अशा सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या एफडीएनं २०१४ सालीच परवानगी दिलीय.

पण हे झालं त्या दिवसापुरतं. खरा ट्विन तो, ज्यात तुमची नवी शुगर, नवं बीपी, नवा ईसीजी येत राहतो, तुम्ही बदलला की तोही बदलतो, आणि मग डोस वाढवायचा का कमी करायचा ते आधी त्याच्यावर बघता येतं. अख्ख्या माणसाचा असा ट्विन अजून कुठंच नाही हां, एकेका अवयवाचं, एकेका आजाराचं काम चाललंय. डायबेटिसमध्ये व्हर्जिनिया आणि पादुआ विद्यापीठांनी मिळून कॉम्प्युटरातले ३०० पेशंट तयार केले, मोठी माणसं, वयात येणारी पोरं, लहान मुलं, आणि इन्सुलिन पंपाच्या प्रोग्रॅमची चाचणी प्राण्यांऐवजी त्यांच्यावर केली तरी चालेल असं एफडीएनं २००८ मध्ये मान्य केलं. मला तर हे फार मोठं काम वाटतं.

आता मला खरं जे सांगायचंय ते. हे मॉडेल कुणाच्या शरीरावरनं शिकलंय?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, या दोघांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, एकच, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला दोघंही बारीक, वजनकाट्याला फरक कळतच नाही, आणि आपल्याकडं बारीक माणसालासुद्धा शुगर का होते त्याचं एक कारण यातच आहे. मग नुसत्या युरोपातल्या लोकांच्या आकड्यांवर शिकलेला ट्विन निपाणीतल्या बारीक बांध्याच्या बाईला "धोका कमी" म्हणून मोकळा होईल की नाही? म्हणून आपल्या माणसांचे आकडे त्यात यायला पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

आणि आपले आकडे असतात कुठं? शुगर गावातल्या लॅबमध्ये, सोनोग्राफी बेळगावात, अँजिओग्राफी मिरजेत नाहीतर कोल्हापुरात. निम्मे कागद कर्नाटकात, निम्मे महाराष्ट्रात, आणि सगळे मिळून घरातल्या एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. एकाही डॉक्टरला दहा वर्षांचं चित्र सलग दिसत नाही, मग कॉम्प्युटरला कुठनं दिसणार? आभा नंबर, म्हणजे केंद्र सरकारचा आरोग्य ओळख क्रमांक, देशभर चालतो, तो काढून घ्या, राज्य बदललं म्हणून अडत नाही, तुमच्या परवानगीनं रेकॉर्ड जोडता येतं, फक्त त्या दवाखान्यानं आणि लॅबनंही त्यात नोंद घातली पाहिजे, तेवढं विचारायचं.

अजून एक, सीटी किंवा एमआरआय केला की फिल्मवर समाधान मानू नका, सीडी मागून घ्या. रक्तवाहिनीचं मॉडेल बांधायचं तर स्कॅनचा मूळ डेटा लागतो, फिल्मवरनं ते होत नाही. आणि घरी सीडी चालवायला काही नसलं तर तिथंच पेनड्राइव्हवर देता काय विचारा.