पेटीच्या चॅनलवर तबला

(दृश्य: फोंड्याजवळच्या देवळाचा सभामंडप. उत्सवी नाटकाची तालीम.)

पेटीचा माइक काढून ठेवलाय, तरी पेटीच्या चॅनलवर तबला ऐकू येतो. माइकच नाही, म्हणजे तो हवेतून आलेला नाही. आठ चॅनल बदलणाऱ्या स्विचच्या डब्यात कुठेतरी वाट आहे.

(दृश्य: टेबलावर उघडलेला डबा.)

शील्डेड वायर (जाळीचं आवरण असलेली तार) आणण्याआधी मोजा. डब्यात तबल्याच्या तारेवर १ व्होल्टचा साइन सिग्नल द्या. पेटीच्या माइकच्या जागी १५० ओमचा रोध लावलेला प्लग घाला. उघडी इनपुट अँटेनासारखी वागते आणि माप फसतं. आता पेटीच्या आउटपुटवर किती मिलिव्होल्ट येतात? १ किलोहर्ट्झला एकदा, १० किलोहर्ट्झला एकदा लिहून घ्या.

दुसरा आकडा पहिल्याच्या दहापट आला, तर गळती कपॅसिटन्समधून आहे: जवळच्या दोन तारा एकमेकींना न लागताही सिग्नल सोडतात, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की जास्त. शेजारच्या तारांमध्ये १० पिकोफॅरड असले, तर १० किलोहर्ट्झला ती वाट सुमारे १.६ मेगाओमची. पेटीच्या बाजूचा रोध १० किलोओम असेल, तर ६ मिलिव्होल्ट आत येतात, म्हणजे मूळ सिग्नलच्या तुलनेत −४४ डेसिबल (आकडा जितका खाली, तितकी गळती कमी). तबल्याची चाट स्वच्छ ऐकू येईल. स्विचच्या अलीकडे ऑपअँपचा बफर (सिग्नल तसाच ठेवून रोध कमी करणारी चिप) घालून तो रोध १०० ओमवर आणा: −८४ डेसिबल, आणि तार तीच! रिबन केबल (शेजारीशेजारी तारांची सपाट पट्टी) असेल तर एकाआड एक तार ग्राउंडला जोडा. ४०६६सारखा इलेक्ट्रॉनिक चिप स्विच बंद असतानाही थोडा सिग्नल सोडतोच. तिथे दोन स्विच ओळीने लावा, आणि चॅनल बंद असताना त्यांच्या मधला बिंदू तिसऱ्या स्विचने ग्राउंडला टाका.

दोन्ही आकडे सारखेच आले, तर शील्ड काही करणार नाही; गळती रोधाच्या वाटेने आहे. बहुतेक वेळा सगळ्या चॅनलांची परतीची तार एकच असते. ०.१ ओमची ती सामाईक तार आणि ६०० ओमचा लोड (आउटपुटला जोडलेला रोध) असेल, तर −७६ डेसिबलच्या खाली जाता येत नाही. प्रत्येक चॅनलची ग्राउंड तार वेगळी ओढून एकाच बिंदूवर आणावी लागते.

ग्राउंड ठीक असूनही आकडे सारखेच राहिले, तर बोर्ड पाहा. गोव्याच्या पावसाळ्यात खारट, दमट हवा सोल्डरच्या उरलेल्या फ्लक्सवर (सोल्डर धरावं म्हणून लावलेल्या राळेसारख्या पदार्थावर) बसते आणि बोर्डवरच्या तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये रोधाची वाट तयार होते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ब्रशने धुवा, पूर्ण सुकवा, मगच लॅकर (संरक्षक थर) मारा. हे माप जुलैत घ्या. मार्चमध्ये हा दोष सापडणार नाही.