मीटिंग शोधताना

नमस्कार, श्रोतेहो.

गटारी अमावास्या उलटली की आपल्याकडे कितीतरी माणसं महिन्यापुरती दारू सोडतात. बऱ्याच जणांना ते जड जात नाही. आज बोलायचं आहे ते उरलेल्यांविषयी. कुणाची शपथ नारळी पौर्णिमेच्या आधीच सुटते. कुणी ती पाळतो खरा, पण पोळा कधी येतो याकडे डोळे लावून बसतो. महिनाभर प्यायलो नाही म्हणजे दारू आपल्या मुठीत आहे, असं त्याला वाटतं. पोळ्याच्या संध्याकाळी त्याचा खुलासा होतो. अशा माणसाला आपल्यासारखीच पिणारी, पण आता सोडून राहिलेली माणसं लागतात. ती भेटतात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे ए.ए.च्या मीटिंगला.

मीटिंग शोधण्याआधी जिवाची काळजी. सकाळी उठल्याउठल्या पिणारा, किंवा न प्यायल्यास ज्याचे हात थरथरतात असा माणूस दारू एका दिवसात बंद करतो, तेव्हा धोका मोठा असतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत घाम, थरथर, उलट्या सुरू होतात आणि झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: समोर नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, ताप चढतो, छाती धडधडते. घरचे म्हणतात बाहेरची बाधा झाली आणि देवऋषाकडे नेतात. त्यात जे तास वाया जातात, ते जिवावर बेतू शकतात. फिट किंवा भ्रम दिसला की 108 ला फोन करायचा. पूर्वी कधी फिट येऊन गेली असेल, तर डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात काही दिवसांच्या उतरत्या मात्रेच्या गोळ्या आणि बी-वन जीवनसत्त्व देतात, आणि तेवढ्यानं हा टप्पा बहुतेकदा सुखरूप पार पडतो.

याच संदर्भात घरच्यांना एक विनंती. डायसल्फिरमची, म्हणजे दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी, भाजीत किंवा चहात कालवून, पिणाऱ्याला न सांगता देऊ नका. ती पोटात असताना दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. गोळी थांबवल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. माणसाला माहीत असेल आणि डॉक्टरांनी तपासून दिली असेल, तर तीच गोळी उपयोगाची ठरते.

आता मीटिंग. ए.ए.ची सुरुवात जून 1935 मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावी, एक शेअर दलाल आणि एक सर्जन अशा दोन मद्यपींच्या भेटीतून झाली. भारतात ती 1957 च्या सुमारास आली. देशाचं जनरल सर्व्हिस ऑफिस मुंबईत आहे. भागाभागातले समूह सांभाळणाऱ्या कचेरीला इंटरग्रुप म्हणतात. ए.ए. इंडियाच्या वेबसाइटवरून आपल्या जिल्ह्याचा हेल्पलाइन नंबर काढायचा आणि थेट फोन करायचा. इंटरनेट नसेल तर 14446 ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची निःशुल्क हेल्पलाइन आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी 14416, म्हणजे टेलिमानस. मुंबई, वसई आणि गोव्यात चर्चच्या कार्यालयात विचारलं तरी पत्ता लागू शकतो, कारण तिथल्या बऱ्याच मीटिंगा चर्चच्या हॉलमध्ये भरतात. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून चालतं. तिथले समुपदेशकही आपल्या गावाजवळचा समूह सांगू शकतील.

फोनवर नुसता पत्ता घेऊन थांबू नका. मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड, हे विचारा. ओपनला नातेवाईक, विद्यार्थी, कुणीही बसू शकतं; क्लोज्ड ही फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. भाषा विचारा, कारण मुंबईत एकाच भागात मराठी, हिंदी आणि इंग्रजी समूह असू शकतात आणि परक्या भाषेत मनातलं निघत नाही. खोली नेमकी कितवी, हे विचारा. महापालिकेच्या शाळेत भरणाऱ्या मीटिंगला दारावर मोठा फलक असेलच असं नाही. नवा माणूस रखवालदाराला काय विचारायचं या लाजेनं फाटकावरूनच परत फिरतो. म्हणून सरळ म्हणा, कुणीतरी फाटकाशी उभं राहील का? बहुतेक वेळा हो म्हणतात. आणि त्या दिवशी दुपारी पुन्हा फोन करून खात्री करा. मे महिन्यात, दिवाळीत, परीक्षा-निवडणुकीच्या दिवसांत शाळेची खोली मिळत नाही आणि समूह दुसरीकडे सरकतो. जुनी यादी तिथे फसवते.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. नाव नोंदवायचं नसतं, फी नसते. पिशवी फिरते, तीत सदस्य ऐपतीप्रमाणे टाकतात. नवख्यानं काही टाकायची गरज नाही. सरकारची किंवा बाहेरची देणगी समूह घेत नाही. त्यामुळे कुणी “ए.ए.चं केंद्र” म्हणून महिन्याचे पैसे सांगत असेल, तर ते ए.ए. नव्हे. ए.ए. रुग्णालय किंवा निवासी केंद्र चालवत नाही. ओळख फक्त पहिल्या नावानं. बोललंच पाहिजे असं नाही, “आज फक्त ऐकतो” म्हटलं की पुरतं. कुणी बोलत असताना मध्ये सल्ला द्यायचा नाही, असा दंडक आहे. आपल्याकडच्या बैठकींच्या मानानं ही मोठीच सुधारणा म्हणायची.

पहिल्या मीटिंगवरून मत बनवू नका. एका समूहात चार म्हातारे तेच तेच बोलत असतील, दुसऱ्यात तुमच्या वयाची पोरं भेटतील. दोन-तीन समूह मिळून सहा मीटिंगा तरी करा. आणि मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका. खरं काम त्या चहाच्या दहा मिनिटांत होतं. तीन जणांचे फोन नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, तलफ नसताना, त्यातल्या एकाला फोन करा. तलफ आल्यावर अनोळखी नंबर लावायला हात धजत नाही, सवय आधी लागलेली असेल तरच धजतो. मीटिंगला नेमानं येऊनही जे पुन्हा प्यायला लागतात, त्यांच्यातल्या पुष्कळांनी नंबर घेतलेलेच नसतात, किंवा घेऊन एकदाही वापरलेले नसतात.

पुढे स्पॉन्सर, म्हणजे नव्याला वाट दाखवणारा जुना सदस्य. निदान वर्षभर सोडून राहिलेला, ए.ए.च्या बारा पायऱ्या केलेला, आणि शक्यतो पुरुषाला पुरुष, बाईला बाई. त्याच्याकडून पैसे उसने घ्यायचे नाहीत, त्यालाही द्यायचे नाहीत. समूह फुटतात ते बहुधा यावरून. नव्या बायकांशी काही जुने सदस्य सलगी करू पाहतात. हे घडतं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अशा वेळी समूह बदला, बायकांची मीटिंग विचारा. स्पॉन्सर औषधं बंद करायला सांगत असेल, तर त्याचं ऐकू नका. कुणाही सदस्यानं डॉक्टर बनू नये, ही ए.ए.चीच भूमिका आहे.

बारा पायऱ्या म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी ए.ए.नं आखलेले बारा टप्पे. त्यांत गोंधळ होतो तो क्रमात. दारूपुढे आपलं काही चालत नाही, हे मान्य करणं ही पहिली. चौथीत आपला सगळा हिशोब कागदावर लिहायचा, पाचवीत तो दुसऱ्या माणसासमोर वाचायचा. आठवीत ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी, नववीत भरपाई, आणि तीही कुणाला आणखी इजा होणार नसेल तिथेच. उत्साही माणूस पंधराव्या दिवशीच नववीवर उडी मारतो, बायकोसमोर सगळं ओकतो, तिला नवा घाव देतो, आणि तिनं माफ केलं नाही म्हणून पितो. देवाची भाषा खटकणारे असतात. पायऱ्यांत देव “आपल्याला उमगेल तसा” आहे. समूहालाच ती शक्ती मानून चालणारे नास्तिक सदस्य आहेत. तुळशीची माळ घातलेल्यांनाही हे आड येत नाही. माळेवर दारू सुटलेली माणसं गावोगाव आहेत, आणि तिथेही वारीतली संगत मोठं काम करते.

घसरलात, तर पुढच्याच मीटिंगला जा. प्यायलेल्या माणसालाही गप्प बसून ऐकू देतात, फक्त बोलू देत नाहीत. गर्द, गांजा, गोळ्या यांच्यासाठी नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एन.ए. वेगळी आहे. गर्द सोडलेल्यानं एक ध्यानात ठेवावं: काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. तेव्हा जुन्या मापानं एकदा जरी घेतली तरी जीव जाऊ शकतो. घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. पिणारा मीटिंगला येवो न येवो, बायकोनं किंवा आईनं तिथे जायला हरकत नाही.

तालुक्यात समूहच नसेल तर? ऑनलाइन मीटिंगा आहेत. दुबईत किंवा न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसानं वेळ भारतीय आहे की स्थानिक, एवढं तपासून जोडून घ्यावं. गावात ओळख फुटेल ही भीती असेल, तर शेजारच्या तालुक्याच्या एस.टी.त बसा, पुष्कळ जण तेच करतात. आणि दारू सोडण्यासाठी एकत्र बसणारे दोन-तीन जण मिळाले, की दुसऱ्या कुठल्या संस्थेशी न जोडता ते स्वतःला ए.ए. समूह म्हणवून घेऊ शकतात. त्यासाठी एक खोली, ठरलेला वार, ठरलेली वेळ, मुंबईच्या ऑफिसातून मागवलेली पुस्तकं आणि इंटरग्रुपला दिलेला एक फोन नंबर लागतो. खोलीचं भाडं थोडं का होईना, पण द्या. फुकटची जागा लग्नसराईत पहिली जाते. पहिले काही महिने एखाद्या वारी दोघंच असाल. तरी वार आणि वेळ बदलू नका. इंटरग्रुपच्या यादीत वाचून कुणीतरी तीन तासांचा प्रवास करून येईल आणि कुलूप पाहून परत जाईल, असं होता कामा नये.