ठिपक्यांचा शर्ट आणि लांबलचक वायर

नमस्कार श्रोतेहो.

फेब्रुवारी २०११. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सवाचं पहिलंच वर्ष होतं आणि शिकागोहून बडी गाय नावाचा गिटारवादक-गायक आला होता. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमधून आलेलं गाणं. मी पार मागे, भिंतीला टेकून उभा होतो. गिटारचा आवाज छातीवर आदळत होता. आणि एकदम तो थांबला. म्हणजे मला तसं वाटलं. साउंडवाल्यांचं काहीतरी गेलं असणार, असंच मनात आलं. शेजारचा माणूस मित्राशी मोठ्यानं बोलत होता, तो ओशाळून गप्प झाला. मग कानावर आलं. बडी वाजवतच होता, पण तार नुसती कुरवाळल्यासारखी. माइकपासून तोंड बाजूला घेऊन तो गात होता, आणि मागच्या भिंतीपर्यंत शब्द न् शब्द पोचत होता.

त्या क्षणाबद्दल मला आज बोलायचंय. नव्वदीच्या उंबऱ्याशी आलेल्या माणसाला मी ‘अरे-तुरे’ करतोय खरा, पण ज्याचं गाणं घरचं झालं, त्याला आपण असंच म्हणतो.

बडीचा जन्म ३० जुलै १९३६ चा. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात लेट्सवर्थ नावाच्या खेड्यात. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर बटईनं शेती करायचे, आणि हे पोरगं लहानपणापासून कापूस वेचायला जायचं. वेचणीला गेलेल्या श्रोत्यांना बोंडाच्या टोकांनी बोटं कशी सोलतात हे मी सांगायला नको. त्याच बोटांनी त्यानं खिडकीच्या डासांच्या जाळीतली तार उपसून काढली आणि तिचं वाद्य केलं. खरी गिटार हातात आली ती नंतर, वडिलांनी घेऊन दिली तेव्हा. तिला तारा होत्या दोनच.

ब्लूजचा साचा तसा साधा असतो. एक ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. चार-चार मात्रांचे बारा खंड झाले की आवर्तन पुरं. स्वरांकडे मात्र नीट कान द्यावा लागतो. कोमल गंधार आणि शुद्ध गंधार यांच्या मधे एक जागा आहे. पियानोवर ती सापडत नाही, कारण तिथे पट्टीच नाही. गिटारवर सापडते. सतारिये मींड घेताना जशी तार पडद्यावर आडवी खेचतात, तशीच ती इथेही खेचावी लागते. बडी ती खेचतो आणि स्वर जागेवर पोचायच्या किंचित आधीच धरून ठेवतो. आपल्याला वाटतं, आता पोचेल, आता पोचेल. तो पोचवत नाही. माझ्या मते त्याचं सगळं वाजवणं या एका ताणावर उभं आहे. तानांचा वेग त्याच्याकडे आहेच, पण वेगवान गिटारिस्ट जगात पुष्कळ आहेत.

आता त्या वायरची गोष्ट. बॅटन रूज शहरात तरुण बडी गिटार स्लिम नावाच्या वादकाला ऐकायला गेला. गिटार ऐकू येत होती आणि स्टेजवर तिचा वादक नव्हता. पोरगं इकडेतिकडे बघत राहिलं. मग स्लिम दारातून आत आला, वाजवतच, मागे शंभराहून जास्त फुटांची वायर ओढत. बडीनं तिथेच ठरवलं की वाजवायचं ब्लूजचा नामवंत गिटारवादक बी. बी. किंगसारखं आणि वावरायचं स्लिमसारखं.

२५ सप्टेंबर १९५७ ला तो शिकागोत उतरला. वय एकवीस. काम नाही, खिसा रिकामा, पोटात अन्न नाही. तशा अवस्थेत एका क्लबात त्यानं वाजवलं, आणि मडी वॉटर्ससारख्या थोर ब्लूज गायकानं त्याला आधी सँडविच खाऊ घातलं. तिथले बुजुर्ग वादक खुर्चीवर बसून वाजवायचे. हा उभा राहिला, स्टेजवरून खाली उतरला, टेबलांमधून हिंडला, आणि वाजवत-वाजवत थेट दाराबाहेर, बर्फ पडलेल्या रस्त्यावर गेला. आजही तो लोकांत उतरतो. कीर्तनकार बुवा श्रोत्यांत आले की मागच्या रांगेतली म्हातारी सावरून बसते ना, तसं होतं. गिटार पाठीमागे धरून, ड्रमच्या काठीनं, कधी नुसता टॉवेल तारांवर आपटून वाजवणं, हेही तो करतो. काही जाणकार त्याला तमाशा म्हणतात. मला ते पटत नाही. त्या गमतीत लोक मोकळे होतात, आणि मग तो आवाज खाली आणतो तेव्हा त्याच्यासाठी श्वास धरतात.

रेकॉर्डवर मात्र हे सगळं यायला फार वर्षं लागली. शिकागोतल्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्याला दुसऱ्यांच्या मागे गुमान साथ करायला बसवत. त्याचं मोठ्यानं, तार किंचाळवत वाजवणं त्यांना गोंगाट वाटायचं. बडी दिवसा बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारा ट्रक चालवायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. दरम्यान इंग्लंडमधल्या पोरांनी तेच वाजवून जग जिंकलं. तेव्हा कंपनीच्या मालकानं आपली चूक कबूल केली, असं बडी सांगतो. त्याला मोठं यश मिळालं १९९१ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. चेसमध्ये वाया गेलेली ती वर्षं आठवली की मला आजही हळहळ वाटते.

आणि ते ठिपके. तुम्ही त्याचा फोटो पाहिला असेल तर शर्टावर ठिपके, गिटारवर ठिपके दिसतील. शिकागोला निघताना आई अर्धांगानं आजारी होती. तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, खूप पैसे मिळवीन आणि ठिपक्याठिपक्यांची कॅडिलॅक गाडी चालवत तुझ्याकडे येईन. ते खोटं होतं, आणि ते खोटं होतं हे तिला सांगायचं राहून गेलं. ती १९६८ मध्ये वारली. तेव्हापासून ते ठिपके तो तिच्यासाठी अंगावर वागवतो.

आता ऐकूया त्याच्या मैफलीतला एक तुकडा, १९९६ साली निघालेल्या थेट ध्वनिमुद्रणातला. रेडिओचा आवाज आत्ताच थोडा वाढवून ठेवा. मधे आवाज अगदी बारीक होईल. तेव्हा बटणाला हात लावू नका. स्टेशन गेलेलं नसेल, तो वाजवत असेल.