तळहातावरचा संगणक आणि गावातली वीज

नमस्कार, श्रोतेहो.

वीसेक वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी शाळेत शिकवत होतो. संगणक कक्षाला जाड पडदे, दारात चपलांची रांग, प्रत्येक यंत्रावर मापानं शिवून घेतलेली कापडी खोळ. मुलं देवघरात शिरावं तशी आत यायची. आणि तास रंगात आला की हमखास वीज जायची. वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ चालू ठेवणारे दहा यूपीएस एकदम टीं टीं करू लागायचे आणि मी ओरडायचो, "आधी सेव्ह करा, मग बंद करा!" दोन वर्षांत त्या यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या. नव्या घ्यायला पैसे मिळाले नाहीत. संगणक धडधाकट होते, पण खोळीतून पुन्हा बाहेर आले नाहीत.

टेबलावरच्या अगदी छोट्या संगणकांबद्दल बोला, असं मला सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा तो कक्षच आठवला.

या छोट्या यंत्रांचं कौतुक बहुधा आकारावरून होतं. २००५ च्या जानेवारीत ॲपलनं मॅक मिनी आणला, साडेसहा इंच लांबरुंद आणि दोन इंच जाडीचा. २०२४ मध्ये तोच पाच इंचांवर आला. त्याच सुमाराच्या आकाराचे, मॉनिटरच्या पाठीमागे स्क्रूनं बसवता येणारे मिनी पीसी आता बऱ्याच कंपन्या विकतात. जागा वाचते, हे खरंच. पण आमच्या गावात जागेला तोटा नव्हता. तोटा विजेचा होता.

आणि खरी गंमत तिथेच आहे. जुना डबा एवढा मोठा का होता? बऱ्याच अंशी उष्णतेमुळे. चिप वीज खाते, तापते; ती उष्णता बाहेर काढायला मोठा पंखा, आणि हवा खेळायला मोकळी पोकळी लागते. लॅपटॉपसाठी, मोबाइलसाठी कमी विजेवर चालणाऱ्या चिपा घडल्या, तशी ती पोकळीच अनावश्यक झाली. यंत्र लहान झालं ते आधी त्याची भूक लहान झाली म्हणून.

आता हिशेब करू या. काचेच्या जाड मॉनिटरसह जुना संगणक दीडशे वॉटच्या आसपास वीज घ्यायचा. दहा संगणक म्हणजे दीड हजार वॉट. पाच तासांत साडेसात युनिटं. साधा मिनी पीसी आणि एलईडी मॉनिटर मिळून नेहमीच्या कामाला पस्तीसेक वॉट लागतात. दहांचे साडेतीनशे. घरोघरी इन्व्हर्टरला असते तशी दीडशे ॲम्पिअर-अवरची एक चांगली बॅटरी एवढा भार तीन तास तरी ओढेल. जुन्या दीड हजार वॉटपुढे घरगुती इन्व्हर्टरनं मानच टाकली असती. छतावर किलोवॉटभर सौर पॅनेल असेल तर आणखी सोपं, कारण शाळा भरते ती उन्हाच्याच वेळी.

केंब्रिज विद्यापीठातल्या एबन अप्टन यांना वेगळीच चिंता होती. संगणकशास्त्र शिकायला येणाऱ्या मुलांनी यंत्राशी खटपट केलेलीच नसते, हे त्यांना खटकत होतं. त्यातून रास्पबेरी पाय नावाचा, एकाच उघड्या पाटीवर मावणारा संगणक जन्माला आला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी तो विक्रीला आला, पत्त्याएवढा, ३५ डॉलरचा. २०१५ मध्ये त्याचं पाच डॉलरचं धाकटं भावंड चक्क एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून फुकट वाटलं गेलं. खोळीत झाकून ठेवावं असं त्यात काही नाही, आणि हेच मला फार मोलाचं वाटतं. मुलानं तारा उलटसुलट जोडून पाहाव्यात, बिघडला तर शिक्षकाच्या पोटात गोळा येऊ नये. अशाच एका रास्पबेरी पायवर किविक्स नावाची मोफत प्रणाली टाकली, की मराठी विकिपीडिया इंटरनेटशिवाय वर्गात वाय-फायवर वाचता येतो. रेंज नसलेल्या पाड्यावरच्या शाळेत याचं काय मोल आहे, ते तिथल्या मास्तरांना विचारा.

अडचणीही सांगतो. रास्पबेरी पाय बहुधा मेमरी कार्डावर चालतो, आणि लिहिता लिहिता वीज गेली तर कार्डावरची माहिती बिघडू शकते. तेव्हा छोटी का होईना, बॅटरी हवीच. जमलं तर कार्डाऐवजी एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी जास्त भक्कम चिपांची डिस्क, लावावी. दुसरी अडचण मला जास्त बोचते. काही छोट्या यंत्रांत रॅम, म्हणजे चालू कामाची स्मृती, मुख्य सर्किटच्या पाटीवरच कायमची डकवलेली असते. ती बदलता येत नाही, वाढवताही येत नाही. आमचे जुने डबे तालुक्याचा मेकॅनिक अर्ध्या तासात उघडून, झटकून, चालू करून द्यायचा. दहा वर्षं टिकवायचं यंत्र शाळेनं बंदिस्त घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून शाळेसाठी, ग्रंथालयासाठी कुणी खरेदीला निघालं असेल तर दुकानदाराला झाकण उघडून दाखवायला सांगा. रॅमची खाच दिसते का? एसएसडी सुटी निघते का? धूळ साफ करायला पंख्यापर्यंत हात पोचतो का? आणि अडॅप्टरवर किती वॉट छापलेत, ते स्वतः वाचा.

नमस्कार.