संगणकाशी मराठीतून सुरुवात

श्रोतेहो, नमस्कार.

रेशन दुकानात आपण यंत्रावर अंगठा ठेवतो. औषधांच्या दुकानात खोक्यावरच्या काळ्या रेघांवर लाल उजेड धरतात. दोन्ही ठिकाणी संगणकाला माहिती पुरवली जाते. माहिती आत पाठवणारी ही इनपुट साधनं. मी बोलतोय तो माइकही त्यातलाच. राहिले माउस आणि कीबोर्ड.

माउस सोपा आहे. डावं बटण एकदा दाबलं की वस्तू निवडली जाते, लागोपाठ दोनदा दाबलं की उघडते. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेतून १९६४ साली बनलेला पहिला माउस लाकडी होता, खाली दोन चाकं होती. आजच्या माउसच्या पोटात इवलासा कॅमेरा असतो, तो खालचा पृष्ठभाग टिपत राहतो. म्हणून काचेच्या टेबलावर पडद्यावरचा बाण अडखळतो. खाली वही ठेवा, चालेल.

खरी भीती कीबोर्डची. इंग्रजी येत नाही म्हणून कित्येक जण, विशेषतः आपल्या आयाबहिणी, लांबच राहतात. त्यांना मला मनापासून सांगायचंय, बाराखडी येते ना? मग बसा. मराठीसाठी इनस्क्रिप्ट नावाची बटणांची मांडणी आहे. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'क'चं बटण शिफ्टसोबत दाबलं की 'ख', 'ग'चं दाबलं की 'घ'. आता 'सांगली' लिहू. उजव्या हाताने स, डाव्याने काना आणि अनुस्वार, उजव्याने ग आणि ल, डाव्याने वेलांटी. सहा बटणं, झालं!

'मिरज' लिहिताना आधी म, मग वेलांटी. जुन्या टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराआधी मारावी लागे, इथे उच्चाराचा क्रम चालतो. जोडाक्षरासाठी अक्षराचा पाय मोडायचा, त्याचं बटण डाव्या हाताखाली, इंग्रजी 'डी'चं.

एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवा, बाकीची बोटं शेजारी आपोआप बसतात. वेगाची घाई नको, आधी बोटांना जागा कळू द्या.

विंडोज, म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली, तिच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडून घ्या. मग खिडकीचं चिन्ह असलेलं बटण धरून स्पेसबार, म्हणजे खालचं लांब बटण, दाबला की मराठी-इंग्रजी अदलाबदल होते. आज स्वतःचं नाव लिहा, उद्या गावाचं. कवठेमहांकाळची मंडळी, तुम्हाला एकही जोडाक्षर लागणार नाही. ईश्वरपूरकरांनी, म्हणजे पूर्वीच्या इस्लामपूरकरांनी, मात्र 'श' लिहिल्यावर पाय मोडायला विसरू नका.